रात्र किती उंचीवर?

१५३३ साली काशगरचा सुलतान सैद खान लडाखच्या मोहिमेवरून परत निघाला आणि काराकोरम खिंडीच्या वाटेवर, दौलत बेग ओल्डीच्या परिसरात वारला. कारण लढाईतली जखम नव्हती. त्या उंचीनेच त्याचा जीव घेतला. त्याचा सरदार मिर्झा हैदर दुघलात हा बाबराचा मावसभाऊ आणि पुढे काही वर्षे काश्मीरचा सत्ताधीश. त्याने ‘तारीख-ए-रशिदी’ या ग्रंथात या आजाराचे जे वर्णन केले आहे, ते आजच्या डॉक्टरनेही लक्षपूर्वक वाचावे असे आहे. ओझे घेऊन धावल्यासारखी धाप लागते. झोप येत नाही, आणि डोळा लागलाच तर छातीवर दडपण येऊन माणूस दचकून जागा होतो. मग तो असंबद्ध बोलू लागतो, कधी वाचाच बंद होते, तळहात-तळपाय सुजतात. हा आजार परक्यांनाच होतो, तिथल्या रहिवाशांना होत नाही, असेही तो नोंदवतो. रोगी वेळेत एखाद्या गावापर्यंत किंवा गढीपर्यंत पोहोचला तर वाचण्याची शक्यता असते, ही त्याची नोंद तर सर्वांत मोलाची आहे. त्या मुलखात गावे वसतात ती नदीखोऱ्यात, म्हणजे खाली.

मिर्झा हैदर आठवडेच्या आठवडे घोड्यावरून चढत तिथे गेला होता. आज मुंबई-पुण्याहून पहाटे निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला लेहमध्ये असतो. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर. ज्याने आयुष्यात कळसूबाईपेक्षा उंच जागी पाऊल ठेवलेले नाही, तो काही तासांत त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर जाऊन पोहोचतो आणि त्याच रात्री तिथे झोपतो. लडाखच्या सहलीचे नियोजन करताना आपण काय पाहायचे याची यादी करतो. यादी खरे तर दुसरीच हवी, ती म्हणजे कोणती रात्र किती उंचीवर काढायची याची.

आधी हवेचे पाहू. उंचावर हवेत ऑक्सिजन कमी असतो असे सर्रास म्हटले जाते, पण प्रमाण बदलत नाही. जुहूच्या किनाऱ्यावर हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे, आणि खारदुंग ला खिंडीतही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. गाद्यांची चळत रचली की तळची गादी दाबली जाते आणि वरची फुगलेली राहते, तशी समुद्रसपाटीची हवा वरच्या सगळ्या हवेच्या भाराने दाट झालेली असते. हे पहिल्यांदा मोजून दाखवले ते फ्रान्समध्ये, १६४८ साली. पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम या डोंगरावर चढला आणि माथ्यावर पारा सुमारे आठ सेंटिमीटर उतरलेला त्याला दिसला. तो डोंगर १,४६५ मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही ठेंगणा. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, तर ५,३५९ मीटरवरच्या खारदुंग लाला निम्म्याहून थोडाच जास्त. (तिथल्या जुन्या पाटीवरचा १८,३८० फुटांचा आकडा फुगवलेला आहे.) प्रत्येक श्वासात आत जाणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो.

शरीर यावर पहिला उपाय करते तो श्वास जोरात घेण्याचा. त्याने ऑक्सिजन थोडा वाढतो, पण कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि रक्तातले आम्ल-अल्कलीचे संतुलन अल्कलीकडे झुकते. मेंदूतले श्वसनकेंद्र याला दाद देते आणि श्वासाला लगाम घालते. दिवसा जागेपणी हे निभावते. रात्री झोपेत मात्र लगाम घट्ट होतो. काही सेकंद श्वास थांबतो, मग ऑक्सिजन घसरल्यावर तीन-चार मोठे उसासे येतात आणि माणूस दचकून उठतो. मिर्झा हैदरने लिहिलेले ते हेच. लेहमधल्या पहिल्या रात्री शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास असा अडखळताना ऐकून पुष्कळ जण घाबरतात. तेवढ्यावरून घाबरू नये. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात, संतुलन जागेवर येते, लगाम सुटतो आणि झोप सुधारते.

हे काम मूत्रपिंडे आपल्या गतीने करतात. इच्छाशक्तीने, व्यायामाने किंवा विमानाच्या महागड्या तिकिटाने ती गती वाढत नाही. चोवीस तासांत रक्तातला ऑक्सिजन सर्वांत खाली जातो तो झोपेत, म्हणून दिवसा आपण किती उंच जाऊन आलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो याला महत्त्व आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे त्याच उंचीवर काढावी, असा पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य नियम आहे. विमानाने लेहला उतरणारा माणूस तो पहिल्याच दिवशी मोडतो. निदान पुढे तरी मोडू नये.

ही शिस्त भारतीय सैन्याने मोठी किंमत देऊन शिकली. १९६२च्या युद्धाच्या सुमारास मैदानी प्रदेशातल्या जवानांना घाईघाईने लडाखच्या उंचीवर न्यावे लागले आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण शत्रूची गाठ पडण्याआधीच आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध केला. या विषयावर आजही ज्या मोजक्या अभ्यासांचा दाखला दिला जातो त्यांत तो आहे. सैन्याची आजची पद्धत तीन टप्प्यांची आहे. सुमारे २,७०० ते ३,६०० मीटरवर सहा दिवस, ३,६०० ते ४,५०० मीटरवर आणखी चार दिवस आणि त्याहून वर जायचे तर अजून चार. पहिल्या टप्प्यातले सुरुवातीचे दोन दिवस निव्वळ विश्रांतीचे. पंचविशीतल्या, रोज कवायत करणाऱ्या जवानाला सैन्य इतका वेळ देते. सहा रात्री-सात दिवसांच्या सहलीत साठी ओलांडलेली बाई पाचव्या रात्री ४,२५० मीटरवरच्या पँगाँग सरोवराकाठी तंबूत झोपते. या दोन वेळापत्रकांतली तफावत मला अस्वस्थ करते.

तंदुरुस्तीबद्दलचा एक गैरसमज सह्याद्रीत फिरणाऱ्यांमध्ये फार आहे. राजगड-तोरणा एका दमात करणारा, दर रविवारी सिंहगड चढणारा माणूस म्हणतो, मला काय होणार? दमसास असला की कष्ट झेपतात हे खरे, पण उंचीच्या आजारापासून तो वाचवत नाही. उलट तरुण, धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी लेहच्या राजवाड्याकडे तरातरा चढत जातो आणि संध्याकाळी डोके धरून बसतो. बरोबरची आजी खोलीत पडून राहिलेली असल्याने ठणठणीत असते. कोणाला त्रास होईल हे आधी सांगणारी खात्रीची चाचणी नाही. पूर्वी एखाद्याला झाला असेल तर पुन्हा होण्याचा संभव जास्त, एवढे मात्र नक्की.

आता वाटा. लेहला रस्त्याने जायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, सोनमर्ग २,७०० च्या थोडे वर. झोजी ला ३,५२८ मीटरवर, पण ती दिवसा ओलांडून पलीकडे उतरायची आणि मुक्काम कारगिलला, पुन्हा २,७०० च्या आतबाहेर. मग फोटू ला ४,१०८ मीटरची, तीही दिवसाच, आणि रात्र ३,१०० मीटरवरच्या आल्चीत. त्यानंतर लेह. मुक्कामाच्या उंचीची अशी शांत चढण आखून काढली असती तरी याहून चांगली जमली नसती.

मनाली मार्ग उलटा आहे. मनाली २,०५० मीटरवर, आणि २०२०च्या ऑक्टोबरात अटल बोगदा खुला झाल्यापासून केलाँग दोन-तीन तासांवर आले आहे. पुढे अनेक जण रात्रीला सरचूच्या तंबूंत थांबतात. सरचू ४,२९० मीटरवर. एका दिवसात झोपण्याची उंची दोन हजार मीटरहून जास्त वाढली. आणि सरचूचा खरा धोका नकाशात पाहिल्यावर कळतो. मागे ४,८९० मीटरची बारालाचा ला, पुढे पाच हजारांवरची लाचुंग ला. रात्री दोन वाजता कोणाची तब्येत बिघडली तर खाली उतरायला आधी वर चढावे लागते, आणि तेही अंधारात, नाल्याचे पाणी रस्त्यावरून वाहत असताना. म्हणून माझा स्पष्ट सल्ला: जाताना श्रीनगरकडून जा, येताना मनालीकडून या. परतीला शरीर सरावलेले असते, तेव्हा सरचू सोसते. मनालीकडूनच जायचे असेल तर केलाँग-जिस्पात दोन रात्री काढा आणि तिथून पहाटे निघून एका दिवसात लेह गाठा. दिवस लांब होतो, पण सरचूची रात्र टळते. गाडी स्वतःची असेल तर केलाँगच्या अलीकडे तांडीला टाकी भरून घ्या. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी तिथे वर्षानुवर्षे आहे.

रजा मोजकी म्हणून विमानानेच जाणे भाग असेल तरी एक पर्याय आहे आणि तो फारच कमी लोक वापरतात. लेहला उतरल्यावर गावात न थांबता टॅक्सीने सिंधूच्या काठाने खाली आल्चीला जायचे. चारशे मीटर खाली. दोन रात्री तिथे काढायच्या. जर्दाळूच्या बागा आहेत, आणि आल्चीच्या विहारातली शेकडो वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे सावकाश पाहायला दोन दिवस पुरत नाहीत. यात एक उणीव आहे, मोठे रुग्णालय लेहमध्ये राहते. हृदयविकाराची किंवा दम्याची पार्श्वभूमी असलेल्या माणसाने म्हणून लेहमध्येच थांबावे आणि पहिले दोन दिवस खरोखर काही करू नये. काही करू नये म्हणजे शांती स्तूपाच्या पायऱ्याही चढू नयेत.

नुब्रा खोरे आणि पँगाँग सरोवर या जोडीकडे आता उंचीच्या डोळ्यांनी पाहा. नुब्राला जाताना खारदुंग ला लागते आणि लोक तिलाच घाबरतात. पण खिंडीत पंधरा-वीस मिनिटे थांबून आपण पलीकडे उतरतो आणि दिस्कित-हुंदरला ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खाली झोपतो. दिस्कितला रुग्णालयही आहे. दोन रात्री लेहमध्ये नीट काढलेल्या माणसाला नुब्रा सहसा त्रास देत नाही. काळजी पँगाँगची. नुब्रातून श्योक नदीच्या रस्त्याने थेट पँगाँगला नेणे आता सर्रास झाले आहे. त्यात अंतर वाचते, पण झोपण्याची उंची एका दिवसात अकराशे मीटरने वाढते. शिवाय पँगाँगहून लेहला परतायचे तर मध्ये ५,३०० मीटरहून उंच चांग ला उभी आहे. सरचूसारखाच पेच. अशा वेळी चांग लाच्या नादी न लागता आधी तांगत्सेला उतरावे. ते ३,९०० मीटरच्या आसपास आहे आणि तिथे आरोग्य केंद्र आहे. खरे तर मुक्कामच तांगत्सेला करून पहाटे सरोवरावर जाणे हे माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे. निळाईचे सगळे रंग सकाळच्या उन्हातच उमटतात आणि तंबूतली थंडीही वाचते. त्सो मोरिरी (४,५२२ मीटर) आणि हानले यांना सहलीच्या शेवटी ठेवावे, आणि पहिल्याच खेपेला आठवड्याभरात ती बसवू नयेत.

त्रास ओळखायचा कसा? डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, गळून जाणे किंवा चक्कर, एवढे असेल तर तो उंचीचा सौम्य आजार. उपाय सोपा: वर जायचे नाही, पडून राहायचे. एक-दोन दिवसांत बहुतेकांचा उतरतो. लक्षणे असताना मात्र पुढच्या उंच मुक्कामाला हलायचे नाही, हॉटेलचे पैसे भरलेले असले तरी नाही. पुढचे दोन आजार जीवघेणे आहेत. पहिल्यात फुप्फुसांत पाणी होते. सहसा दुसऱ्या ते चौथ्या रात्री, बसल्याजागी धाप, कोरडा खोकला, ओठ-नखे निळसर, नंतर फेसाळ गुलाबी थुंकी. दुसऱ्यात मेंदूला सूज येते. माणूस गोंधळतो, विचित्र वागतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. शंका आली की त्याला जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. जमले नाही तर सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिजन लावा, असेल ती गाडी काढा आणि शक्य तितके खाली न्या. थोडे उतरल्यानेही फरक पडतो. आजारी माणसाला एकटे खोलीत झोपवून बाकीच्यांनी फिरायला जाणे ही अक्षम्य चूक आहे, कारण बिघाड झोपेतच वाढतो.

औषधांत अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपण डायमॉक्स म्हणतो ते, खरोखर उपयोगी आहे. मूत्रपिंडांनी जे काम दोन-तीन दिवसांत करायचे ते लवकर सुरू व्हावे म्हणून बायकार्बोनेट बाहेर टाकायला ते मदत करते. ते जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बिघडते, लघवी वाढते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये; खरे तर कोणीच विचारल्याशिवाय घेऊ नये. आपल्याकडच्या सहलींत कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून हुंगत राहण्याची पद्धत रुजली आहे. कापराने नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतना मिळते आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने जराही वाढत नाही. एखाद्याला धाप लागलेली असताना त्याच्या नाकाशी कापूर धरून वेळ घालवला तर तो वेळ त्याच्या आयुष्यातून जातो. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबेही काही मिनिटांतच रिकामे होतात. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिल्या रात्री तरी पूर्ण वर्ज्य, दोन्हींनी श्वास मंदावतो.

विदर्भ, खानदेश आणि आदिवासी पट्ट्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण सहलीच्या पत्रकांत ती सहसा नसते. सिकलसेलचा आजार असलेल्याने इतक्या उंचीवर जाऊ नये हे डॉक्टर सांगतातच. पण ज्यांना स्वतःला काही त्रास नाही, जे केवळ वाहक आहेत, त्यांच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा उंचीवर अचानक बंद पडल्याच्या नोंदी आहेत. डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना होते. गडचिरोली, नंदुरबार अशा जिल्ह्यांत वाहकांचे प्रमाण लक्षणीय आहे आणि सरकारी रुग्णालयांत तपासणी होते. जाण्याआधी ती करून घ्या आणि अहवाल खिशात ठेवा.

परक्यांनाच का, मिर्झा हैदरच्या नोंदीतून उभ्या राहणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर अलीकडे थोडेफार मिळाले आहे. २०१० साली तिबेटी लोकांच्या जनुकांत एक वेगळेपण आढळले. त्यामुळे उंचीवर त्यांचे रक्त आपल्यासारखे भराभर दाट होत नाही. तो जनुकीय तुकडा डेनिसोव्हन या नामशेष मानवगटाकडून आला असल्याचे २०१४ मध्ये दाखवले गेले. हजारो वर्षांची ही कमाई आठवड्याच्या रजेत मिळणारी नव्हे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, गटातल्या दोघांकडे तरी वेगवेगळ्या कंपन्यांचे पोस्टपेड असू द्या. सीमेलगतच्या भागांत जाण्याचे नियम आणि शुल्क बदलत असतात, लेहच्या प्रशासनाच्या संकेतस्थळावर निघण्याआधी पाहा. विमाने हवामानामुळे रद्द होतात, म्हणून परतीआधीचा एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा आणि मुंबईला उतरल्या दिवशीच लग्नकार्य धरू नका. लेहला पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. गॅस घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ऊन सह्याद्रीतल्यापेक्षा कितीतरी तिखट, काळा चष्मा मुलांनाही हवा.

पाण्याबद्दल मात्र थोडक्यात लिहून भागणार नाही. लेहला वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडते. सगळी शेती हिमनद्यांच्या वितळत्या पाण्यावर, आणि ते कोणाच्या शेताला कधी द्यायचे हे गावाने नेमलेला चुरपोन ठरवतो. वसंतात पेरणीला पाणी मिळावे म्हणून चेवांग नोरफेल यांनी कृत्रिम हिमनद्या उभारल्या, सोनम वांगचुक यांनी बर्फाचे स्तूप. ज्या गावात पाण्यासाठी एवढे करावे लागते तिथे हॉटेलच्या खोलीत दोन वेळा शॉवर घेणे मला पटत नाही. घरगुती मुक्कामात लडाखी पद्धतीचे कोरडे शौचालय असते. मातीची एक फावडी टाकायची, पाणी लागत नाही आणि पुढे त्याचेच खत शेतात जाते. ते नाकारू नका.

महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांना एक विनंती आहे. पत्रकात प्रत्येक रात्रीच्या हॉटेलाचे नाव आणि जेवणाचा प्रकार छापता, त्याच ओळीत त्या मुक्कामाची उंची मीटरमध्ये छापा. आणि वाचकहो, ती छापलेली नसेल तर पैसे भरण्याआधी फोन करून विचारा. सांगता आली नाही तर दुसरी कंपनी शोधा.